शंभर घावांना एक घोट

आमच्या घरी माणसे पुढल्या दाराने येत आणि जनावरांचे धनी मागल्या दाराने. पुढे ओसरीवर आबा बसत, मागल्या पडवीत मी कुटत बसे. वीसएक वर्षे कुटले. इतक्या वर्षांचे लिहायचे म्हटले तर काही सुचत नाही, कारण कालच्यासारखाच आज असे. पण दोन-चार गोष्टी मनातून जात नाहीत, आणि त्या मी कोणाला सांगितलेल्याही नाहीत. माझी शाळा महाडला चौथीपर्यंत झाली. अक्षर बरे, म्हणून औषधांच्या याद्या मीच लिहायची. त्यातली एक वही अर्धी कोरी उरली आहे. तिच्यात लिहिते.

आबा म्हणजे माझ्या आईचे मामा, पोलादपूरचे वैद्य. आमचे हे मुंबईला कापडाच्या दुकानात कारकून होते. एका खोलीत सहा पुरुष, तिथे बायकोला जागा कुठली. गणपतीला आणि शिमग्याला ते दासगावच्या बंदरावर उतरून यायचे आणि आठ दिवस राहून जायचे. बाकीचे वर्ष मी आबांकडे. आबांची बायको माझ्या लग्नाआधीच गेली होती आणि मुलगा वासुदेव लहानपणापासून पुण्याला आजोळी होता, पुढे तिथेच वैद्यकी शिकला. घरात आम्ही दोघेच. स्वयंपाक माझ्याकडे आणि औषधे करणेही माझ्याकडे.

बाहेरच्याला वाटते, वैद्य औषध देतो. वैद्य नाव सांगतो. औषध होते ते खलबत्त्यात आणि चुलीवर. हिरडा कुटायचा, फडक्यातून गाळायचा, वर राहिलेला पुन्हा कुटायचा. चिमटीत धरून चोळला तर रवाळ लागता कामा नये. काढा मातीच्या मडक्यात, मंद विस्तवावर आटवायचा. त्यापाशी बसून राहावे लागते. दुसऱ्या कामात गुंतलात की मडके कोरडे पडते, आणि तेव्हा घाबरून तांब्याभर गार पाणी ओतलेत तर टक् असा आवाज होऊन मडके तडकते. माझ्या हातून पहिल्या वर्षात तीन मडकी गेली. मग आबांनी शिकवले, की पाणी ऊन करून घ्यायचे आणि पळी-पळीने, कडेकडेने सोडायचे. मडक्याला कळता कामा नये की आपल्याला पाणी मिळाले.

आबा जनावरांना हात लावीत नसत. कोणी म्हैस फुगली म्हणून सांगत आला की ते बसल्या जागेवरून म्हणत, "मागे जा. गोदा बघेल." मला ते बरे वाटे. माणसांशी बोलायचे म्हणजे माझ्या घशाला कोरड पडते, अजूनही पडते. जनावर आपल्या तोंडाकडे बघत नाही. पोटफुगीला तेलात हिंग घालून बांबूच्या नळकांड्यातून पाजायचे, जखमेत किडे झाले तर सीताफळीचा पाला वाटून भरायचा, वासराला हगवण लागली तर कुड्याची साल. हळूहळू हात बसला.

मागल्या दाराने सगळे जनावरांसाठीच येत असे मात्र नाही. एकदा बिरवाडीकडचे एक चांगले शेतीवाडीवाले गृहस्थ आले. पागोटे बांधलेले, अंगाने भक्कम. म्हणाले, "बैलाला मूळव्याध झालीय." मी खाली बघूनच विचारले, "रक्त पडतं?" "पडतं." "बसताना दुखतं?" "बसवतच नाय." मी मनापासून चौकशी करीत होते. विचारले, "बैल घोंगडीवर बसतो की नुसत्या जमिनीवर?" गृहस्थांनी पागोटे सारखे केले. मग म्हणाले, "पाट देतो आम्ही त्याला." तेव्हा माझ्या ध्यानात आले. पुढे ओसरीवर आबा चार माणसांत मोठ्याने विचारायचे, म्हणून ही वाट. मी पुडी बांधून दिली, आणि बैलाने तिखट वर्ज्य करावे म्हणून सांगितले. महिन्याने त्यांनी फणस पाठवला, बैलाकडून.

आता ठकूच्या पिल्लांचे लिहिते. खरे म्हणजे ते लिहिण्यासाठीच वही उघडली.

ठकू धनगरीण. घाटाच्या अंगाला, वर रानात तिचा पाडा होता. चार खोपटी आणि म्हशींचा गोठा. दर पंधरवड्याला तूप, मध, हिरडे घेऊन उतरायची. वयाने माझ्याहून पुष्कळ मोठी, आवाज खणखणीत. ती मागल्या दाराशी आली की पुढच्या ओसरीवरचा रोगी आपले दुखणे सांगायचा थांबे.

त्या वेळी कार्तिक चालू होता. भाताची कापणी झाली होती. आबांना दासगावहून बोलावणे आले होते, तीन दिवस तरी लागणार होते. महाडपर्यंत मोटार नुकती सुरू झाली होती, पण आबांचा तिच्यावर भरवसा नव्हता. सकाळी ते बैलगाडीने गेले. जाताना मला त्रिफळा कुटून ठेवायला सांगितला. गाडी वळली असेल नसेल तेवढ्यात ठकू आली. डोक्यावर डालगे होते, पण तुपाचे नव्हते. तिचा आवाजही नेहमीचा नव्हता.

"बाय गो, बघ," म्हणाली आणि डालगे खाली ठेवले. आत घोंगडीच्या तुकड्यावर दोन पिल्ले. एक काळा कुत्रा, एक तांबडी कुत्री. दीड-दोन महिन्यांची असतील. डालग्याला घाण येत होती. ती घाण ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावे लागत नाही. रक्ताची हगवण.

"कधीपासून?"

"परवापासून. वकतात बी. म्हशीचं दूध घातलं तर आणखीनच."

"आई कुठाय?"

"वाघानं नेली."

मग तिने सांगितले. ती कुत्री म्हणजे साधी कुत्री नव्हती. माणसाला भुंकत नसे, कोल्ह्याला भुंकत नसे. फक्त वाघाचा वास आला की बोलायची. "बोलायची" हा ठकूचाच शब्द. तिची आई तशीच होती, आणि आजीही. त्या बोलण्यावर पाडा झोपायचा. आठ दिवसांमागे वाघ आला, कुत्री बोलली, माणसे पलिते घेऊन उठली, म्हशी वाचल्या. कुत्री तेवढी गेली. आणि आता तिच्या पोटची ही दोन.

"दुसरं कुत्रं आण," मी म्हटले.

"दुसरी हायेत की. पाखरू उडालं तरी भुंकतात. मंग कुणी उठत नाय." ती दारातच उकिडवी बसली. "पोरगा मुंबयला गोदीत हाय. कवापासून म्हणतो, म्हशी इक आणि ये. खोलीत नळ हाय म्हणतो. मी म्हटलं, कुत्री हाय तवर मी हाय. आता ही गेली तर काय तोंडानं ऱ्हाऊ वर? वाघ काय पुन्यांदा यायचा नाय?" मग हळू म्हणाली, "म्या नळ बघितला नाय गो कधी. बघायचा बी नाय."

मी कुत्र्याला औषध केले नव्हते. पण वासराची हगवण आणि माणसाची हगवण मला पाठ होती, आणि दोहोंला आबांचा पहिला नियम एकच: पाणी तोडायचे. खाणे बंद, पाणी बंद. जे आत जाईल ते वाहून जाईल, आणि जाताना आणखी घेऊन जाईल, असे आबा म्हणत. ओसरीवर मी हे शेकडो वेळा ऐकले होते. आमच्याकडेच नव्हे, सगळीकडे हेच होते. ओकारी-हगवणीच्या माणसापाशी कोणी तांब्या ठेवीत नसे.

म्हणून मी पिल्लांना परसातल्या सरपणाच्या खोपीत ठेवायला सांगितले. कुड्याच्या सालीचा काढा चढवला. बोटाने चार-चार थेंब दोघांच्या जिभेवर लावले. ठकूने करवंटीत पाणी आणले होते ते मी ओतून टाकले. म्हटले, "पाणी अजिबात नको."

ठकू म्हणाली, "बरं. तू शिकलेली."

दुपारी काळा खोपीतून बाहेर आला. पाय लटपटत होते. पडवीच्या टोकाला आमची हात धुण्याची मोरी, तिथपर्यंत तो कसा पोचला कोण जाणे. मोरीत पाणी नव्हते, दगड तेवढा ओला होता. तो दगड चाटायला लागला. जीभ दगडाला चिकटत होती. मी कुटायचे सोडून उठले, मानगूट धरून त्याला उचलला आणि खोपीत नेऊन ठेवला. मानगुटीची धरलेली कातडी मी सोडल्यावरही तशीच उभी राहिली, तंबूसारखी. मला ते विचित्र वाटले, पण त्याचा अर्थ कळला नाही. तो परत मोरीकडे निघाला. मी परत उचलला. असे तीनदा झाले. चौथ्यांदा तो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेलेला होता. डोळे खोल गेलेले, हिरड्या पांढऱ्या आणि कोरड्या. ठकूने त्याला आपल्या पदरात घेतले, रडली नाही. एवढेच म्हणाली, "तान लागली हुती गो त्याला."

तिने मला बोल लावला असता तर बरे झाले असते. ती परसात खड्डा खणायला गेली आणि मी तांबडीपाशी जाऊन बसले. तिची कातडी चिमटीत धरून सोडली. तीही तशीच उभी राहिली, मग हळूहळू खाली गेली. कान गार, पंजे गार. पोटापाशी हात नेला तर तिला ओकारीची उबळ आली, पण बाहेर काही आले नाही. बाहेर यायला आत काही नव्हतेच.

तेव्हा मी पहिल्यांदा आबांचा नियम मोडला. वाडग्यात पाणी घेऊन तिच्यापुढे ठेवले. मरणाला टेकलेले पोर ते, पण पाण्याच्या वासाने मान उचलली आणि लपालपा सगळे वाडगे प्याली. मला इतके बरे वाटले. आणि मग तिने पाठ वाकवली आणि सगळे पाणी ओकून टाकले. प्याली त्याहून जास्त. मागोमाग रक्त गेले, आणि ती आडवी पडली.

म्हणजे आबाच खरे. एकाला मी तहानेने मारले की नाही हे नक्की ठाऊक नव्हते, पण दुसरीला पाण्याने मारले असे तरी दिसत होते. खड्ड्यावर माती ओढल्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. काढ्याचे मडके चुलीवर तसेच राहिले होते. धावले. तळाशी बोटभर काढा खदखदत होता. हाताला सवय होती, त्याने आपोआप शेजारचे ऊन पाणी पळीत घेतले आणि कडेने सोडले. थांबले. आणखी एक पळी सोडली. पुन्हा थांबले. मडके तडकले नाही.

पळी हातात तशीच धरून मी उभी राहिले. मडक्याला कळता कामा नये की आपल्याला पाणी मिळाले. मी तर त्या पिल्लाला तांब्याभर ओतले होते.

मी माळ्यावर चढले. माझ्या रुखवतात आईने पितळेचे बोंडले दिले होते, बाळाला दूध पाजायचे, लांब चोचीचे. चौदा वर्षे ते फडक्यात गुंडाळून तिथे पडले होते. ते काढले. मूठभर तांदळाची पातळ पेज केली, शिते गाळून टाकली. नुसते वरचे पाणी घेतले, त्यात मीठ चिमटीच्या टोकावर राहील एवढे आणि सुपारीएवढा गूळ. चाखून बघितले. खारट लागले तर आणखी पाणी घालायचे, असा माझा मीच अंदाज केला. कोमट होऊ दिले.

ठकू हात धुऊन आली. तिला म्हटले, "मांडीवर घे. डोकं वर करू नको, छातीत जाईल. गालफडाच्या फटीत चोच घालायची आणि एवढंच सोडायचं," आणि माझ्या तळहातावर ओतून दाखवले, अर्धा चमचाभर. "मग थांबायचं."

"किती येळ?"

घरात घड्याळ होते ते आबांच्या खोलीत, आणि ठकूला विसाच्या पुढे मोजता येत नव्हते. मला त्रिफळाही कुटायचा होता, तो आबा येण्याआधी व्हायला हवा होता. म्हटले, "मी इथं पडवीत कुटते. शंभर घाव झाले की हाक मारीन. तेव्हा एक घोट. मध्ये ती कितीही मागू दे, द्यायचा नाही."

ठकूला ते जड गेले. तांबडी जीभ बाहेर काढून बोंडल्याकडे बघायची आणि ठकू माझ्याकडे. "दे ना गो आणखी इवलं." "नाही." "तुझं काळीज दगडाचं हाय." "असू दे." आयुष्यात मी कोणाला इतक्या वेळा नाही म्हटले नसेन.

शंभर घाव, हाक, एक घोट. पहिले दोन-तीन घोट ओठांवरूनच गळून गेले. चौथा गेला. सातव्या-आठव्याला ठसका लागला, तशी मी बत्ता टाकून धावले, पिल्लू उलटे धरले, पाठ चोळली. ओकारी होते की काय म्हणून आम्ही दोघी श्वास धरून बसलो. झाली नाही. मी हात कोपरापर्यंत धुतले आणि परत कुटायला बसले. चुलीतली विटकर फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी दिली, कारण गार पडलेल्या जीवाला पाणी पचत नाही असे मला वाटले. खरे-खोटे ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत पेजेचे दुसरे भांडे केले. रक्त जातच होते, पण ओकारी नव्हती.

रात्री ठकू आणि मी आळीपाळीने बसलो. शेजारी-पाजारी उठतील म्हणून कुटता येईना, तेव्हा मी मनातल्या मनात मोजत होते.

सकाळी कातडी चिमटीत धरून सोडली. उभी राहिली, पण कालच्यापेक्षा लवकर बसली. की मलाच तसे वाटले? ठकूला विचारले. ती म्हणाली, "तू सकाळपासून इतक्या येळा चिमटे काढलेस की ती आता मरायची ती तुझ्या चिमट्यांनी मरंल." कान कोमट वाटत होते, तेही विटकरीमुळे असतील. एक गोष्ट मला खात होती. एवढे पाणी आत गेले, ती मुतली मात्र नव्हती. काल दिवसभर नाही, रात्रीही नाही. जनावराचे मूत बंद झाले की आशा सोडावी, हे मला वासरांवरून ठाऊक होते.

आणि तेवढ्यात गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आबा एक दिवस आधीच आले होते.

पाय धुऊन ते मागे आले आणि पडवीच्या कडेला उभे राहिले. ठकू मांडीवर पिल्लू घेऊन बसलेली, हातात पितळी बोंडले, शेजारी पेजेचे भांडे. लपवायला काही जागाच नव्हती.

"हे काय?"

ठकू, जी कोणाला भीत नसे, तिने खाली बघितले. मग मलाच बोलावे लागले. "रक्ताची हगवण आहे."

"आणि पाणी पाजता आहात?"

"पेजेचं. मीठ-गूळ घालून."

"कोणाला विचारून?"

मी उठून उभी राहिले. "कोणाला नाही. काल एक पाण्यावाचून गेलं. म्हणून."

"पाण्यावाचून नाही गेलं. रोगानं गेलं." आबा शांतपणे म्हणाले. ते रागावले की शांत होत. "हेही जाईल. आणि त्रिफळा कोणत्या हातांनी कुटलास?"

"पिल्लाला मी शिवले नाही. ठकूच पाजते." मग मला खोटे सांगवेना. "दोन-तीनदा शिवले. हात धुतले."

"तो त्रिफळा गुरांना घाल," म्हणाले आणि आत गेले. त्या साली पोलादपूरच्या गुरांचे कोठे जितके साफ राहिले तितके कधी राहिले नसतील.

मी कुटायला बसले नाही. कशासाठी कुटायचे? पण ठकू बोंडले धरून माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "शंभर झालं का गो?" म्हणून रिकाम्या खलात बत्ता घालायला लागले, नुसता मोजण्यासाठी. आतून आबांना ऐकू जात असणार. रिकाम्या खलाचा आवाज वेगळा येतो, त्यांना तो कळला नाही असे होणार नाही. पण ते बाहेर आले नाहीत.

दुपार कलली. मी पान वाढत होते. आबा पाटावर बसले होते, आपोष्णीचे पाणी हातात घेतलेले. आणि मागून ठकूचा आवाज आला, तिचा नेहमीचा, घाटापर्यंत जाणारा: "मुतली गो! बाय, माझ्या लुगड्यावर मुतली!"

मी वाढायची वाटी तशीच घेऊन उभी राहिले. डोळे भरून आले होते, आणि आबांच्या पुढे हसूही येत होते. आबांनी ते पाणी प्राशन केले, पहिला घास घेतला, चावून गिळला. मग म्हणाले, "रंग विचार."

"काय?"

"लाल आहे की पिवळं, ते विचार. जेवतो आहे मी, मला ओरडायला लावू नकोस."

पिवळे होते.

आणखी पाच दिवस ठकू खोपीत राहिली. घोट वाढत गेले, मग पेजेत शिते आली, मग ताकातला भात. सहाव्या दिवशी तांबडीने आबांच्या खडावेची खुंटी कुरतडली. ठकूने तिला डालग्यात घातले, बोंडले घासून माझ्या हातात दिले आणि घाट चढून गेली. आबांना मी धीर करून एकदाच विचारले, की मग हगवणीच्या माणसालाही असेच दिले तर? ते म्हणाले, "कुत्र्याचा कोठा वेगळा, माणसाचा वेगळा." मी पुन्हा विचारले नाही.

ते विचारायला हवे होते. पुढच्या उन्हाळ्यात पुढल्या दाराने एक बाई मूल घेऊन आली. तीनएक वर्षांचे पोर. ते रडत होते आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येत नव्हते. मी पडवीतून बघितले आणि मला सगळे कळले. आबांनी पुडी दिली, पाणी तोडायला सांगितले. बाई पाणंदीने निघाली ती माझ्यापासून पाच हातांवरून गेली. माझ्या तोंडात वाक्य तयार होते. चार माणसे ओसरीवर बसली होती, आबा होते. मी खाली बघून कुटत राहिले. ते मूल गेले असे चार दिवसांनी कळले. त्या पिल्लासाठी मी बोलले होते. त्या मुलासाठी नाही.

ठकूला मात्र सांगितले, की माणसाच्या मुलालाही अशीच पेज द्यावी. ठकूला सांगितले की वर घाटापासून खाली महाडच्या बाजारापर्यंत कोणाला ऐकायचे राहत नाही. हळूहळू बायका मागल्या दाराशी यायला लागल्या. पदराखाली काही नसे, मूल घरी ठेवून आलेल्या असत. म्हणत, "वासराला हगवण लागलीय."

"केवढं वासरू?"

"चालतंय. बोबडं बोलतंय."

मी पेज कशी करायची ते सांगे, मीठ चिमटीत धरून दाखवे. "घरात उखळ आहे ना? शंभर घावांना एक घोट." काही वासरे वाचली, काही नाही. आबा पुढे बसलेले असत. त्यांना ऐकू जात नव्हते असे मला वाटत नाही.

वासुदेव पुण्याहून परत आला आणि ओसरी सांभाळायला लागला, त्याला चारएक वर्षे झाली होती. त्या भादव्यात आबांनाच हगवण लागली. वय झालेले, दोन दिवसांत खाटेला खिळले. वासुदेवाने वडिलांच्याच शिकवणीप्रमाणे औषध चालू केले आणि पाणी तोडले. आबांच्या खोलीतला तांब्या त्याने स्वतः बाहेर नेऊन ठेवला. मी पडवीत कुटत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून हाक आली, फार बारीक.

"गोदे. पुढे कोण आहे?"

"वासुदेव आहे. रोगी बघतोय."

"मागलं दार उघडं आहे?"

"आहे."

आबांचे ओठ एकमेकांना चिकटत होते. "एक म्हातारा बैल आहे," म्हणाले. "हगवण लागलीय."

मी पेज केली, गाळली, चाखली. बोंडले घेऊन खोलीत गेले आणि दार लोटून घेतले. आबांनी बोंडल्याकडे बघितले.

"ते कुत्र्याचंच ना?"

"हो."

"घासलंस?"

"चिंचेनं, आणि मग राखेनं."

ते वरच्या वाशांकडे बघत राहिले. जन्मभर सोवळ्यात राहिलेला माणूस. मी बोंडले मागे घेणार तेवढ्यात त्यांनी विचारले, "त्या धनगरणीची कुत्री आहे का अजून?"

"आहे. दोनदा व्याली. ठकूही वरच आहे."

"बोलते?"

"वाघाला."

आबांनी तोंड उघडले. मी गालाच्या कडेने एक घोट सोडला, खलबत्ता दारापाशी ओढून घेतला आणि मोजायला लागले.